तीन महिन्यांचा व्हिसा, वर्षाचा पास

सिंगापूरला स्थायिक झालेल्या मराठी माणसाचं एक अलिखित कर्तव्य असतं, ते म्हणजे पाहुण्यांना सिंगापूर दाखवणं. आम्ही १९९९ साली इथे आलो तेव्हा मला वाटलं होतं, परदेशात राहायचं म्हणजे एकटेपणा. कसचं काय! पहिल्या चार वर्षांत आमच्याकडे सख्खे, चुलत, मावस, नवऱ्याच्या जुन्या कंपनीतले, शेजारच्या काकूंचे जावई असे मिळून इतके लोक येऊन गेले, की मुस्तफातला सुटकेस विभाग कितव्या मजल्यावर आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं.

पाहुण्यांचा कार्यक्रमही ठरलेला. पहिला दिवस सेंटोसा, दुसरा दिवस झू आणि रात्री नाइट सफारी, तिसरा दिवस जुराँग बर्ड पार्क, चौथा दिवस मुस्तफा आणि टेक्का. आम्ही राहायचो जुराँग वेस्टला, त्यामुळे बर्ड पार्क म्हणजे अगदी 'आमच्या गावचं'. बून लेच्या इंटरचेंजवरून १९४ नंबरची बस धरली की थेट दारात. साहजिकच नवरा म्हणायचा, "बर्ड पार्क तू कर, मी सेंटोसा करतो." जणू काही आम्ही दोघं मिळून टूर कंपनीच चालवत होतो!

सुरुवातीला मला ती बाग फार आवडली होती, हे आधीच कबूल करते. मी पुण्याची. माझ्या लहानपणी थीम पार्क वगैरे शब्द कोणाला माहीत नव्हते. सुट्टीत पेशवे पार्कला जायचं, फुलराणीत बसायचं आणि येताना भेळ खायची, ही आमची चैन. १९५६ साली सुरू झालेली ती छोटी आगगाडी एवढ्याशा वर्तुळात फिरायची, पण उतरल्यावर "अजून एकदा" म्हटलं नाही असं एकही मूल मी पाहिलेलं नाही. पुढे १९८९ मध्ये मुंबईला गोराईत एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा मी कॉलेजात होते. तिथे एकदा सहल गेली, आणि ते 'एकदा' पुढची पाच वर्षं बोलायला पुरलं.

त्या तुलनेत जुराँग म्हणजे खजिनाच होता. टेकडीच्या उतारावर वीस हेक्टरांची बाग. तीस मीटर उंचीवरून कोसळणारा, माणसाने बांधलेला धबधबा, त्याच्याभोवती जाळीचा एवढा प्रचंड पिंजरा की आत शिरल्यावर पिंजरा आहे हेच विसरायला व्हावं. गुलाबी फ्लेमिंगो, गारेगार काचेच्या घरातले पेंग्विन, आणि सगळ्या बागेवरून हळूहळू फिरणारी पॅनोरेल. या बागेची मूळ कल्पना त्या वेळचे अर्थमंत्री गोह केंग स्वी यांची. साठच्या दशकात जागतिक बँकेच्या बैठकीसाठी ते रिओ द जानेरोला गेले होते. तिथल्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी पक्षी मोकळे उडू शकतील असा मोठा पिंजरा पाहिला आणि ठरवलं, आपल्या जुराँगमध्येही असं काही हवं. जुराँग तेव्हा नुसत्या कारखान्यांचं गाव. कामगारांच्या बायकामुलांनी रविवारी जायचं कुठे? प्राण्यांना मांस घालण्यापेक्षा पक्ष्यांना दाणे घालणं स्वस्त, असाही हिशोब त्यांनी केला होता म्हणतात. (अर्थमंत्री शोभतो की नाही?) ३ जानेवारी १९७१ रोजी बाग उघडली.

लेक २००१ मध्ये झाली. ती तीन वर्षांची झाल्यावर आम्ही वर्षाचा पास काढला. नवऱ्याने कागदावर गणित मांडून दाखवलं की चौथ्या फेरीनंतर प्रत्येक फेरी फुकट. मराठी मन 'फुकट' या शब्दापुढे किती दुबळं असतं हे मी तुम्हाला काय सांगू! त्या वर्षी आम्ही निदान तीस वेळा तिथे गेलो असू.

आणि तिथेच घोटाळा झाला. तुम्ही एखादी गोष्ट तीस वेळा केलीत की ती गोष्ट बघायची राहून जाते. अकराच्या खेळात पोपट कडीतून उडून कुठे बसणार, निवेदिका कोणता विनोद करणार आणि लोक कुठे हसणार, हे सगळं मला पाठ झालं. अमिगो नावाचा एक पोपट होता, तो इंग्रजी, मलय आणि मँडरिन अशा तीन भाषांत गायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी थक्क झाले होते. पंधराव्यांदा ऐकताना माझ्या डोक्यात फक्त "मेल्या, चौथी भाषा शीक आता" एवढंच येत होतं. लेक मात्र प्रत्येक वेळी तितक्याच जोरात टाळ्या वाजवायची. मी पर्समध्ये पुस्तक घेऊन जायला लागले. ती पाण्यात खेळायची, मी बाकावर वाचत बसायचे. पाहुण्यांबरोबर गेले तर वाचताही येत नसे. मग मी तोंडाने माहिती सांगत असे आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असे. 'या बागेत मला आता काही बघायचं उरलेलं नाही' असं मी मैत्रिणीला फोनवर ठासून सांगितल्याचं मला चांगलं आठवतं. ते वर्ष होतं २००६.

२००७ मध्ये आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे सासरे. चिपळूणचे. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर, निवृत्त व्हायच्या आधी काही वर्षं डेपोत कंट्रोलर. त्याआधी एकदा ते आणि आई येऊन गेले होते, २००३ मध्ये, पण ती आपली 'पाहुण्यांची' ट्रिप होती, ठरलेल्या कार्यक्रमाची. मधल्या काळात बरंच काही झालं होतं. २६ जुलै २००५ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माळ्याच्या फळ्यांपर्यंत चढलं. माणसं वाचली, पण घर आतून पार धुऊन निघालं. वर्षभराने आई गेल्या. आप्पा एकटे त्या घरात. भिंतीवर छातीच्या वर एक तपकिरी रेघ होती, पुराची. चुना मारला तरी ती पुन्हा दिसायला लागायची.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. घर विकायचं, आप्पांनी आमच्याकडे नाहीतर पुण्याला नणंदेकडे राहायचं. तो चुकीचं बोलत होता असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. पण सांगायची रीत काही असते ना! आप्पा येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. जेवताना त्याने विषय काढला. आप्पा म्हणाले, "इथे मी काय करू?" हा म्हणाला, "तिथे तरी काय करता?" पुढे दोघंही बोलले नाहीत. मी वरण वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवून वर आले तर आप्पा घरात नाहीत. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता. खाली प्लेग्राउंडवर नाहीत, कॉफीशॉपमध्ये नाहीत, मागच्या पार्कमध्ये नाहीत. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "येतील, कुठे जाणार आहेत!" पण पंधरा मिनिटांनी त्याचाच परत फोन. मग परत. दुपारी चार वाजता आप्पा दारात उभे. हातात छत्री आणि बर्ड पार्कचं तिकीट.

"अहो आप्पा, सांगून तरी जायचं!"

"१९४ मध्ये बसलो. परत तीच १९४ येते. चुकण्यासारखं काय आहे त्यात?" बसच्या बाबतीत आप्पांना काही शिकवण्यात अर्थ नव्हताच म्हणा.

पुढचे चार दिवस ते रोज गेले. तिकिटाचे पैसे बघून माझ्या पोटात गोळा आला, पण घरात बापलेक एका खोलीत नसले की जरा श्वास घेता येत होता, हेही खरं. पाचव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाऊन वर्षाचा पास काढून दिला. रात्री नवरा चिडला. "तीन महिन्यांचा व्हिसा, त्यातले इतके दिवस गेले, आणि वर्षाचा पास?" मी म्हटलं, "मग येतील की परत. पास फुकट थोडाच घालवणार आहेत ते?"

खरं सांगायचं तर मी हे काही फार विचार करून बोलले नव्हते. भांडणात वरचढ उत्तर सुचलं म्हणून बोलले. पण आप्पांनी आतल्या खोलीतून ते ऐकलं असावं. कारण पुढच्या फेब्रुवारीत ते खरोखर परत आले, आणि विमानतळावर भेटल्या भेटल्या त्यांनी खिशातून तो पास काढून दाखवला, कंडक्टरला दाखवतात तसा.

तर आता मुद्द्याची गोष्ट. आप्पा रोज तिथे जाऊन करतात काय? मला वाटायचं, वेळ घालवतात. एक दिवस माझ्याकडे सकाळ मोकळी होती, म्हणून मी बरोबर गेले. गेटातून आत शिरल्यावर सवयीप्रमाणे मी नकाशा घेऊन निघाले, आधी पेंग्विन, मग खेळ, मग धबधबा. आप्पा नकाशाकडे न बघता सरळ चालत धनेशांच्या पिंजऱ्यांपाशी गेले, पिशवीतून वर्तमानपत्र काढून बाकावर अंथरलं आणि बसले.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं नंतर. सध्या हाच."

समोर मोठा धनेश होता, म्हणजे महाधनेश. काळा-पांढरा, पिवळी भलीमोठी चोच आणि तिच्यावर टोपासारखं शिंग. हा पक्षी मी पाहुण्यांना निदान वीस वेळा दाखवला होता. 'हा हॉर्नबिल', एवढं म्हणून फोटोपुरतं थांबायचं आणि पुढे. आप्पांबरोबर मी तिथे दीड तास बसले. तेव्हा मला कळलं की तो चोचीच्या टोकाने एक फळ उचलतो, वर उडवतो आणि मग घशात झेलतो, कारण त्याची जीभ आखूड, चोचीच्या टोकावरचं फळ तिला आत ओढता येत नाही. आणि त्याला पापण्यांचे केस असतात, अगदी आपल्यासारखे, लांब. माझ्या आयुष्यात मी कधी पक्ष्याच्या पापण्या बघितल्या नव्हत्या!

"गावाला आम्ही याला गरुडच म्हणत असू," आप्पा म्हणाले. "देवराईत एका बेहड्यावर ढोली होती. मादी आत जाऊन बसते आणि दार लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. नर बाहेरून उंबराची फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. तीन-चार महिने."

"म्हणजे कोंडूनच घालतो की तिला!"

"तो नाही गं कोंडत. आतून तीच लिंपते. आणि वेळ झाली की तीच फोडते."

मी तेव्हा डिपेंडंट पासवर होते. पुण्यातली शाळेतली नोकरी सोडून आठ वर्षं झाली होती. अकराव्या मजल्यावर दिवसभर मी, टीव्ही आणि पाहुणे. आप्पा नुसतं पक्ष्याबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. ते तसे आडून बोलणारे गृहस्थ नव्हते. पण त्याच वर्षी मी बालवाडी शिक्षिकेच्या डिप्लोमाला नाव घातलं, एवढं मात्र खरं.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, "आप्पा, रोज तेच बघून कंटाळा नाही येत?" त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "चिपळूण-गुहागर रूटवर मी अकरा वर्षं होतो. त्या रस्त्याचा कंटाळा प्रवाशाला येतो, कंडक्टरला नाही. त्याला माणसं मोजायची असतात ना."

आता तुम्हाला वाटेल की या उत्तराने माझे डोळे उघडले आणि मी रोज त्यांच्याबरोबर बागेत जाऊ लागले. छे! पुढच्या अकरा वर्षांत आप्पा सहा वेळा आले आणि मी त्यांच्याबरोबर बागेत जेमतेम पाच-सहा वेळा गेले असेन. आधी डिप्लोमा, मग नोकरी, लेकीची पीएसएलई. सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि पास हातात दिला की ते गेले, की मी मोकळी. त्यांच्या मोकळ्या सकाळीपेक्षा माझी मोकळी सकाळ मला जास्त प्रिय होती. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला हवं.

लेकीचीही गंमतच. लहानपणी आजोबांचं बोट धरून जाणारी पोरगी दहा-अकरा वर्षांची झाली आणि तिला पक्षी 'बेबी स्टफ' वाटायला लागले. त्याच सुमारास, २०१० मध्ये, सेंटोसाला युनिव्हर्सल स्टुडिओज उघडलं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांकडे त्याचे पास. मग आमच्याकडेही आला. पहिल्या वर्षी ती आणि तिच्या मैत्रिणी दर पंधरवड्याला जायच्या, रोलर कोस्टरमध्ये निळा आणि लाल यांतला कोणता जास्त भयंकर यावर फोनवर तासतास चर्चा. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी पास संपला तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आई, रांगेत एक तास आणि राइड दोन मिनिटं. एकदा भीती गेली की मग काय उरतं?" मला ते पटलं. भीती विकत घ्यायची म्हटली की ती प्रत्येक खेपेला थोडी कमी मिळते. मग कंपनीला नवीन राइड बांधावी लागते. सेंटोसाचं तर तेच चाललेलं असतं. आम्ही ज्या म्युझिकल फाउंटनपुढे पाहुण्यांना बसवायचो ते २००७ मध्ये बंद झालं, अंडरवॉटर वर्ल्ड २०१६ मध्ये, आणि ज्याच्या तोंडातून डोकावून आम्ही सगळ्या नातेवाइकांचे फोटो काढले तो सदतीस मीटरचा मर्लायनही २०१९ मध्ये बंद करून पाडला. बर्ड पार्कातसुद्धा पॅनोरेल २०१२ मध्ये थांबली. आप्पा हळहळले, पण ते गाडीसाठी. "चांगली चालू गाडी बंद करतात," एवढंच म्हणाले. एस.टी.चा माणूस!

आप्पांची शेवटची खेप २०१८ ची, दिवाळीच्या आधी. गुडघा बदलून सहा महिने झाले होते. त्या ऑक्टोबरात इथल्या पेपरात एक बातमी आली. बर्ड पार्कमधल्या जॅरी नावाच्या बावीस वर्षांच्या महाधनेशाला चोचीवरच्या टोपाचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी तो भाग कापून काढला आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेला नवा टोप स्क्रूने बसवला. पुढे तर आणखी गंमत. हे पक्षी शेपटीजवळच्या ग्रंथीतला पिवळा रंग चोचीला चोळतात. जॅरीने त्या नव्या पांढऱ्या टोपालाही तो रंग चोळायला सुरुवात केली, म्हणजे तो आपलाच म्हणून स्वीकारला.

मी बातमी मराठीत वाचून दाखवली. आप्पा म्हणाले, "म्हणजे त्याला नवा टोप, मला नवा गुडघा. भेटायला पाहिजे." शनिवार होता. त्या दिवशी नवराही आला, आप्पांना चालताना धरायला म्हणून. घराचा विषय मधल्या वर्षांत कोणी काढत नव्हतं. विकलंही नव्हतं आणि मिटलंही नव्हतं. पिंजऱ्यांपाशी बराच वेळ उभे राहिलो, पण समोर दिसतोय तो जॅरी की दुसरा कोणी, हे काही आम्हाला ठरवता येईना. नवरा म्हणाला, "हाच. रंग बघा ना, वेगळा वाटतो." आप्पा म्हणाले, "नाही रे. हा जुना आहे, मी ओळखतो याला." त्यावर दोघांचा वीस मिनिटं वाद झाला. किती वर्षांनी त्या दोघांना मी कुठल्या तरी गोष्टीवर इतकं बोलताना ऐकलं! मी मागच्या बाकावर बसले होते. पुस्तक बरोबर होतं, पण उघडलं नाही.

२०२० च्या एप्रिलचं त्यांचं तिकीट काढलेलं होतं. पुढचं तुम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे. ७ एप्रिलला इथे सर्किट ब्रेकर सुरू झाला, तिकडे लॉकडाउन. मग 'पुढच्या महिन्यात', 'पुढच्या महिन्यात' करत वर्ष गेलं. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, आप्पा गेले. भारतातून येणाऱ्यांना सिंगापूरने त्या वेळी दार बंद केलं होतं. गेलो असतो तर परत कधी येता येईल याची शाश्वती नव्हती. नवऱ्याने फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. नणंदेच्या मुलाने अग्नी दिला. अडीच महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूणला पुन्हा पूर आला. घरात पुन्हा पाणी. शेजाऱ्यांनी फोटो पाठवला. जुन्या रेघेच्या जवळच नवी रेघ.

आप्पांचा जुना पास माझ्या ड्रॉवरमध्ये होता. त्यावर त्यांचा फोटो, जरा घाबरल्यासारखा. मी त्यानंतर बर्ड पार्कला गेले नाही. मैत्रिणीचे आईवडील आले, तिने "चल ना, तुला सगळी माहिती आहे" म्हटलं, तर मी गुडघेदुखीचं कारण सांगितलं. पूर्वी तिथे बघायला काही उरलेलं नाही म्हणून जात नव्हते. आता नेमकं काय दिसेल हे माहीत होतं म्हणून जात नव्हते.

बाग ३ जानेवारी २०२३ ला बंद होणार असं जाहीर झालं. बरोबर बावन्न वर्षं. सगळे पक्षी मंडाईला नव्या जागी जाणार. मला पुण्याचीच आठवण झाली. तिथेही १९९९ मध्ये कात्रजला नवं प्राणिसंग्रहालय झालं, आणि पुढे पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. आम्हा पुणेकरांनी नाकं मुरडली, पण प्राण्यांना तिथे जागा जास्त मिळाली, हे नाकारता येत नाही.

लेक तेव्हा एकवीस वर्षांची. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा संपल्या आणि एक दिवस म्हणाली, "आई, बंद व्हायच्या आत जाऊन येऊ. १९४ नेच जायचं, टॅक्सी नाही." डिसेंबरात आम्ही तिघं गेलो. सगळं सिंगापूर लोटलं होतं. आजीआजोबा, गळ्यात कॅमेरे अडकवलेले हौशी, शाळेच्या सहलीचे जुने फोटो फोनमध्ये घेऊन त्याच जागी उभे राहणारे चाळिशीतले लोक. ही सगळी मंडळी इतकी वर्षं कुठे होती, असं माझ्या मनात आलं. मग म्हटलं, आपण तरी कुठे होतो?

लेक सरळ चालत धनेशांकडे गेली. तिला वाट पाठ होती. बाकावर जागा नव्हती, एक चिनी आजोबा-आजी बसले होते. आम्ही उभे राहिलो. धनेशाने एक फळ उडवलं आणि झेललं. लेक म्हणाली, "आजोबा मोजायचे. आजपर्यंत एकदाही खाली पाडलं नाही म्हणायचे." हे मला माहीत नव्हतं. ते दोघं काय मोजायचे, काय बोलायचे, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मग ती सांगत राहिली आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. आप्पांच्या म्हणे तिथल्या एका झाडूवाल्या तमिळ काकांशी ओळख होती. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघं डबा वाटून खायचे. माझ्या हातच्या पोळ्या त्या काकांना आवडायच्या. आणि मी म्हणायचे, आप्पांना सहा पोळ्या कशा पुरत नाहीत!

नवीन बाग २०२३ च्या मेमध्ये उघडली, बर्ड पॅरडाइज. आम्ही जूनमध्ये जाऊन आलो. छान आहे, खरंच छान आहे. मोठमोठ्या जाळीघरांतून आपण चालत जायचं, पक्षी डोक्यावरून जातात. जुराँगमधल्या कित्येक जुन्या पिंजऱ्यांपेक्षा पक्ष्यांना तिथे पुष्कळ बरं. पण आमच्या घरापासून तासाभराच्या वर लागतो, बस बदलावी लागते. लेकीने विचारलं, "पास काढायचा?" नवऱ्याने लगेच फोनमध्ये आकडेमोड सुरू केली. मी म्हटलं, बघू.

इथे एक सांगायचं राहिलं. सिंगापूरच्या रानातून एकोणिसाव्या शतकात नाहीसे झालेले लहान जातीचे धनेश १९९४ मध्ये पुलाऊ उबिनवर पुन्हा दिसले. पुढे त्यांच्यासाठी घरट्यांच्या पेट्या लावायचं काम झालं, त्यात बर्ड पार्कच्या लोकांचाही हात होता. आता हे पक्षी एचडीबीच्या कठड्यांवर येऊन बसतात. आमच्या समोरच्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर गेल्या वर्षी एक येऊन बसला आणि सगळी मुलं फोन घेऊन धावली. नवऱ्याने पडद्यामागून दुर्बीण लावली. ती आप्पांची दुर्बीण. एका डोळ्याने दिसत नाही तिच्यातून.

घर विकलं नाही. जो विका विका म्हणायचा तोच आता दर वर्षी रजा काढून जातो, गाळ खरवडतो, दारं बदलतो, चुना मारतो. मी विचारलं होतं एकदा, दर वर्षी तेच काय करतोस? त्याने उत्तर दिलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत मीही बरोबर गेले. आप्पांच्या लहानपणची ती देवराई गावापासून बरीच लांब आहे. जीप सोडून अर्धा तास चढावं लागतं. बेहडा उभा होता. ढोली होती की नुसती सावली, ते खालून कळत नव्हतं. आम्ही वर्तमानपत्र अंथरून बसलो. साडेनऊला बसलो होतो, बारा वाजत आले. एक खार, दोन बुलबुल, बाकी काही नाही. मला तहान लागली होती आणि मुंग्या चढत होत्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो झाडावरची नजर न काढता म्हणाला, "उद्या डबा घेऊन येऊ."